विश्लेषण : बालपणीच्या अत्याचाराची भरपाई मागायला मुदत कशासाठी?

बालपणी लैंगिक अत्याचार सोसलेल्यांना त्याविषयी बोलायला अनेकदा काही दशके लागतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०२५ च्या सुरुवातीला भरपाईच्या दाव्याची मुदत मात्र सर्वसाधारणपणे वयाच्या २१व्या वर्षीच संपत होती. ही मुदत काढून टाकण्याची घोषणा ब्रिटिश सरकारने फेब्रुवारी २०२५ मध्ये केली.

तेव्हाचा नियम काय?
१९८०च्या मुदत कायद्यानुसार शारीरिक वा मानसिक इजेचा दिवाणी दावा तीन वर्षांत करावा लागतो. पीडित अल्पवयीन असल्यास ही वर्षे १८व्या वाढदिवसापासून मोजतात. गंभीर गुन्ह्यांच्या फौजदारी खटल्याला अशी मुदत नाही. त्यामुळे आरोपी तुरुंगात जाऊ शकतो. पण त्याला पाठीशी घालणाऱ्या संस्थेविरुद्धचा दावा ‘उशीर झाला’ म्हणून फेटाळला जाऊ शकत होता.

न्यायालय सवलत देऊ शकते का?
१९९३च्या ‘स्टबिंग्ज’ निकालाने हेतुपुरस्सर अत्याचाराला सहा वर्षांची ताठर मुदत लावली. २००८ मध्ये ‘ए विरुद्ध होअर’ खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने तो निकाल उलटवला. तेव्हापासून न्यायाधीश मुदत शिथिल करू शकतात. मात्र त्यासाठी पीडितालाच न्यायालयाची खात्री पटवावी लागत होती.

कोणता बदल जाहीर झाला?
मुदत काढण्याची शिफारस बाल लैंगिक अत्याचार चौकशी आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये केली होती. त्यानुसार जबाबदारी उलटेल. साक्षीदार हयात नाहीत, कागदपत्रे हरवली, म्हणून निष्पक्ष सुनावणी अशक्य आहे, हे प्रतिवादीला सिद्ध करावे लागेल. स्कॉटलंडने अशी मुदत २०१७ मध्येच हटवली आहे.