जबड्याचे दुखणे आणि उपचारांचा ताळेबंद

कंबरेच्या किंवा गुडघ्याच्या दुखण्याला आपल्याकडे लोकमान्यता आहे. जबड्याच्या सांध्याच्या दुखण्याला अद्याप धड नावही मिळालेले नाही. कानाच्या पुढे ठणका लागतो, जांभई देताना 'कट्' असा आवाज होतो, भाकरीचा घास चावताना कळ कानशिलापर्यंत जाते. आणि रुग्ण हे सारे 'दाढ दुखते' किंवा 'कान ठणकतो' या सदराखाली जमा करून मोकळा होतो. पुढे कानात औषध पडते, प्रसंगी निरोगी दाढ काढली जाते, आणि दुखणे होते तिथेच राहते. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने डिसेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक शिफारशींनुसार जगातील प्रौढांपैकी शेकडा सहा ते नऊ जणांना ही व्याधी जडलेली असते. स्नायू व सांध्यांच्या चिवट दुखण्यांत कंबरदुखीच्या खालोखाल तिचा क्रमांक लागतो, आणि स्त्रियांत तिचे प्रमाण अधिक आहे. बीड जिल्ह्याची २०११ च्या जनगणनेतील लोकसंख्या सुमारे २५ लाख ८५ हजार होती. जागतिक प्रमाण येथे लागू पडते असे धरले, तर जिल्ह्यातील रुग्णांची संख्या एक लाखाच्या आसपास जाते. एवढ्या लोकांनी कोणता उपचार घ्यावा, हा प्रश्न केवळ वैद्यकाचा नाही. तो अर्थशास्त्राचाही आहे.

सांधा आणि त्यावरील हात

खालच्या जबड्याचे टोक कवटीच्या खाचेत बसते आणि दोहोंमध्ये एक लवचीक चकती असते. तोंड उघडताना हे टोक आधी बिजागरीसारखे फिरते, मग पुढे सरकते. हे सरकणे बिघडले, किंवा चावण्याचे स्नायू अहोरात्र ताठरलेले राहिले, की दुखणे सुरू होते. विश्रांतीच्या अवस्थेत ओठ मिटलेले असले तरी वरचे व खालचे दात एकमेकांना टेकू नयेत, हा निसर्गाचा नियम. परीक्षेच्या ताणाखालील विद्यार्थी किंवा मान पुढे झुकवून तासन् तास आकडेमोड करणारा कारकून तो नकळत मोडत असतो.

या सांध्यावर हाताने उपचार करण्याची परंपरा प्राचीन आहे. उघडा राहिलेला जबडा शेकून, अंगठ्यांनी दाबून व हनुवटी वर उचलून जागी बसवावा, असे चरकसंहितेत सांगितले आहे. निखळलेला जबडा बसवण्याची कृती प्राचीन इजिप्तच्या एका वैद्यकीय लेखातही आढळते. आज फिजिओथेरपी ज्याला म्हणतात त्याचे या सांध्यापुरते चार प्रकार पडतात: उपचारकाने जबडा हाताने हळूहळू हलवणे, स्नायूंतील दुखऱ्या गाठी दाबून मोकळ्या करणे, मानेचे व जबड्याचे व्यायाम, आणि लेसर, विजेचे सौम्य झटके यांसारखे यंत्रोपचार.

बरे वाटले म्हणजे गुण आला का?

या उपचारांची तुलना दिसते तितकी सोपी नाही. हे दुखणे बऱ्याच जणांत काळाच्या ओघात आपोआप ओसरते, आणि ओसरताना जो उपचार चालू असेल त्याच्या खात्यावर यश जमा होते. अमेरिकेत १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग या दृष्टीने उद्बोधक आहे. दातांची ठेवण चुकल्यामुळे जबडा दुखतो, या समजुतीने त्या काळी दात घासून चावा जुळवण्याची पद्धत रूढ होती. संशोधकांनी २५ रुग्णांचे दात घासण्याचा केवळ देखावा केला. प्रत्यक्षात चावा जसाच्या तसा ठेवला. तरीही त्यांपैकी १६ जणांचे दुखणे पूर्णपणे किंवा जवळजवळ पूर्णपणे थांबले. तात्पर्य, 'मला गुण आला' ही साक्ष प्रामाणिक असली तरी पुरेशी नाही. खऱ्या उपचाराची गाठ खोट्या उपचाराशी घालून द्यावी लागते आणि मगच काय उरते ते पाहावे लागते.

हे काम 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मधील पाहणीने केले. तिने १५३ चाचण्यांतील ८,७१३ रुग्णांचे निष्कर्ष एकत्र मांडून ५९ उपचारांची वा उपचारसंचांची तुलना केली. खोट्या उपचाराने जितक्यांना आराम पडतो त्यापेक्षा शंभरांमागे आणखी किती जणांना जाणवण्याजोगा आराम पडतो, हा तिचा मापदंड. प्रशिक्षित हाताने जबडा हलवण्याच्या उपचारात ही संख्या ३६ आली, आणि स्नायूंतील दुखऱ्या गाठी हाताने दाबण्याच्या उपचारात ३२. स्नायू सैल सोडण्याच्या शिक्षणासह दिलेला वर्तनोपचारही ३६ वर पोहोचला. देखरेखीखालचे जबड्याचे व मानेचे व्यायाम, तसेच घरी करायचा व्यायाम, ताण देणे आणि रुग्णाला धीर देणे अशी साधी शुश्रूषा, यांचे आकडे २३ ते ३० च्या दरम्यान राहिले. लेसर आणि विजेचे झटके यांच्या बाजूचा पुरावा मात्र इतका कच्चा ठरला, की ते शक्यतो देऊ नयेत असेच तज्ज्ञांनी सुचवले. नेहमीच्या काढघाल करता येणाऱ्या दातांवरील पट्टीबाबतही त्यांचा सल्ला तोच आहे. चाव्याची ठेवण कायमची बदलणारी पट्टी आणि चकती काढून टाकण्याची शस्त्रक्रिया यांना तर त्यांनी ठाम विरोध केला.

बीडच्या हिशेबात

आता या आकड्यांकडे आपल्या जिल्ह्यातून पाहू. सर्वोत्तम हस्तोपचार आणि साधी गृहशुश्रूषा यांतील अंतर शंभरांमागे सहा ते तेरा रुग्णांचे आहे. ते क्षुल्लक नाही. पण त्याची किंमत काय? हस्तोपचारासाठी पुन्हा पुन्हा खेपा घालाव्या लागतात. प्रत्येक खेपेस फी आहेच, शिवाय एस. टी. चे भाडे आणि बुडालेला रोज. शहरातील शिक्षकाला हा खर्च पेलेल. परंतु उचल घेऊन दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्राच्या किंवा कर्नाटकाच्या कारखान्यावर जाणाऱ्या ऊसतोड मजूर स्त्रीला एक दिवस गैरहजर राहिले तरी 'खाडा' धरला जातो आणि तिच्या हिशेबातून पैसे कापले जातात. तिच्यासाठी आठवड्यातून दोनदा घ्यायचा उपचार हा उपचारच नव्हे. एकदा नीट शिकवलेला आणि पालावर बसूनही करता येणारा व्यायाम हाच तिचा खरा उपचार.

असे व्यायाम अवघड नाहीत. चिलीचे फिजिओथेरपिस्ट मारियानो रोकाबादो यांनी रूढ केलेल्या पद्धतीत सहा व्यायाम, प्रत्येकी सहा वेळा, दिवसातून सहादा करावयाचे असतात. जिभेचे टोक वरच्या दातांमागे टाळूला टेकवायचे आणि ते सुटणार नाही इतपतच तोंड उघडायचे, हा त्यांतील एक. जोडीला उबदार शेक, काही दिवस मऊ अन्न आणि 'दात टेकवू नका' ही स्वतःलाच दिलेली ताकीद.

मग हा मार्ग मागे का पडतो? केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात दाखवून दिले, की वैद्यकसेवेचा बाजार इतर बाजारांसारखा नसतो. येथे गिऱ्हाइकाची गरज काय, हे विक्रेताच त्याला सांगतो. शिकवून घरी पाठवण्यात विक्रेत्याला लाभ थोडा. आणि ज्याला ना सुई मिळाली ना गोळी, त्या रुग्णालाही आपण फसलो असे वाटते. यंत्राचा दिवा लुकलुकला की दोन्ही पक्षांचे समाधान होते.

परतीची वाट

निवड करताना आणखी एक कसोटी लावली पाहिजे: उपचार फसला तर मागे फिरता येते काय? व्यायाम सोडता येतो. काढलेली दाढ किंवा चकती परत बसवता येत नाही. अमेरिकेत १९७० व १९८० च्या दशकांत या सांध्यात टेफ्लॉनयुक्त कृत्रिम चकत्या बसवण्यात आल्या. त्या झिजून अनेकांच्या जबड्याचे हाड खाल्ले गेले आणि १९९० नंतर त्या परत घ्याव्या लागल्या. इतक्या दूर जाण्याचीही गरज नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांची चौकशी २०१९ मध्ये शासकीय समितीने केली, तेव्हा पाहणीतील ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. अवयव निराळा, पण धडा एकच: जिथे रोजंदारी बुडण्याची धास्ती आणि अपुरी माहिती एकत्र येतात, तिथे न परतणारा उपचारच सोयीचा भासू लागतो.

म्हणून आधी घरचा व्यायाम, मग प्रशिक्षित हात, यंत्र त्यानंतर आणि शस्त्र अगदी अखेरीस, हा क्रम असावा. अर्थात निदान आधी झालेच पाहिजे. तिखट लागताच तोंडाची आग होऊन ते हळूहळू कमी उघडू लागले, तर दोष बहुधा सांध्याचा नसून गुटख्याचा असतो. राज्यात २०१२ पासून बंदी असूनही तो मिळतोच, आणि ती अवस्था पुढे कर्करोगाकडे जाऊ शकते. ताप, सूज, बधिरता, किंवा श्रम करताना जबड्यात उठणारी कळ, यांपैकी काहीही असल्यास व्यायामावर विसंबून न राहता डॉक्टर गाठावा.

शासनाने करावयाचे काम यातून स्पष्ट होते. अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय ग्रामीण भागासाठीच जन्माला आले. त्याने या व्यायामांची एक सचित्र मराठी पत्रिका तयार करावी, आशा सेविकांना ती शिकवावी, आणि ऊसतोडीचे ट्रक गावातून हलण्यापूर्वी ती घरोघर पोहोचवावी. उपजिल्हा रुग्णालयांत फिजिओथेरपिस्ट नियमित भेटेल अशी व्यवस्था व्हावी, म्हणजे ज्यांना व्यायाम पुरणार नाही त्यांना प्रशिक्षित हात तालुक्यातच मिळेल. एका यंत्राच्या किमतीत अशा पत्रिका हजारोंनी छापता येतील. खर्चाच्या तुलनेत लाभ मोजण्याची शिस्त ज्याला मान्य आहे, त्याला यांतून निवड करणे जड जाऊ नये.