डाग का पडतो? : सॅनिटरी पॅडची रचना आणि आपण

मासिक पाळीसारखा विषय स्मरणिकेत यावा का, असा प्रश्न काही सभासदांच्या मनात येणे शक्य आहे. आमच्या मते तो यायलाच हवा. शाळा-कॉलेजात जाणाऱ्या मुली, कचेरीत व कारखान्यात नोकरी करणाऱ्या भगिनी, शेतात राबणाऱ्या, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या आयाबहिणी, या सर्वांना दर महिन्याला एकच धास्ती असते, ती म्हणजे कपड्यावर डाग पडण्याची. त्यापायी मुली मागच्या बाकावर बसतात, फळ्यापाशी जाण्याचे टाळतात, खेळाच्या तासाला आजारपणाचे कारण सांगतात आणि काही जणी त्या दिवसांत शाळेतच येत नाहीत. एवढे करूनही डाग पडलाच तर बोलणी तिलाच खावी लागतात : "लक्ष कुठे होते तुझे?"

प्रस्तुत लेखात आम्हांला एकच गोष्ट सांगायची आहे. डाग हा मुलीच्या निष्काळजीपणाचा पुरावा नव्हे. बहुतेक वेळा तो पॅडचे माप, आकार आणि बसण्याची पद्धत यांतील दोष असतो, आणि तो दोष समजून घेता येतो. आम्ही कला शाखेचे पदवीधर, बँकेत कारकुनी करणारे. परंतु हा विषय समजण्यासाठी विज्ञानाची पदवी लागत नाही. थोडे निरीक्षण पुरेसे आहे.

स्राव किती असतो?

एका पाळीत सरासरी ३० ते ४० मिलिलिटर रक्त जाते, म्हणजे औषधाचे सहा ते आठ चमचे. त्याखेरीज इतर स्राव असतो तो वेगळा. ८० मिलिलिटरहून अधिक रक्त जात असेल तर डॉक्टर तो अतिरक्तस्राव मानतात. आता दुसरा आकडा पाहू. अमेरिकेतील संशोधकांनी २०२३ साली पाळीच्या निरनिराळ्या साधनांची खऱ्या मानवी रक्ताने चाचणी केली. जास्त स्रावासाठी बनवलेल्या पॅडमध्ये साधारण ३० ते ५० मिलिलिटर रक्त मावते असे त्यात आढळले.

याचा अर्थ असा की संपूर्ण पाळीत जेवढे रक्त जाते, जवळजवळ तेवढे एका मोठ्या पॅडमध्ये मावू शकते. मग दोन-तीन तासांत डाग का पडतो? डाग पडल्यावर पॅड काढून पाहिले, तर पुष्कळदा त्याचा निम्म्याहून अधिक भाग कोरडाच असतो. म्हणजे उणीव जागेची नाही. आमच्या व्यवसायातले उदाहरण द्यायचे तर तिजोरी कितीही मोठी असली तरी काउंटर एकच उघडा असेल, तर पगाराच्या दिवशी रांग रस्त्यावर जाते. पॅडचेही तसेच आहे. स्राव किती वेगाने आत घेतला जातो, तो कोणत्या दिशेला पसरतो आणि पॅड शरीराला किती लागून बसते, या तीन गोष्टींवर सारे अवलंबून असते.

पॅडचे थर व त्यांचे काम

बाजारातले पॅड कात्रीने मधोमध कापून पाहावे. विद्यार्थिनींनी हा प्रयोग जरूर करावा. त्यात साधारणपणे चार थर दिसतात.

सर्वांत वरचा थर शरीराला लागणारा. तो न विणलेल्या मऊ कापडाचा किंवा बारीक छिद्रांच्या प्लॅस्टिकचा असतो. स्राव लगेच खाली जाऊ देणे आणि स्वतः कोरडे राहणे हे त्याचे काम. दुसरा पातळ थर स्राव एका जागी साचू न देता लांबीच्या दिशेने पसरवतो. तिसरा थर शोषणारा. त्यात लाकडाच्या लगद्याचा कापसासारखा भुसभुशीत भाग असतो आणि पातळ पॅडमध्ये त्याबरोबर एका रसायनाचे बारीक दाणे असतात. हे दाणे ओलावा घेऊन फुगतात व त्याची जेलीसारखी लापशी करतात, त्यामुळे दाबले तरी ओल सहसा परत वर येत नाही. हे दाणे शुद्ध पाणी स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट शोषतात. परंतु पाण्यात मीठ असले की ही क्षमता पुष्कळच घटते. रक्त तर खारट आणि शिवाय दाट. म्हणून जाहिरातीत निळे पाणी झटकन नाहीसे होताना दिसते, त्यावरून प्रत्यक्ष वापराचा अंदाज बांधू नये.

चौथा थर तळाचा, ओल बाहेर जाऊ न देणाऱ्या प्लॅस्टिकचा. त्याच्या खाली चिकटपट्टी असते.

डाग नेमका कुठून पडतो?

डाग तीन ठिकाणांहून पडतो, आणि प्रत्येकाचे कारण निराळे असते.

पहिले ठिकाण म्हणजे दोन्ही बाजू. चालताना मांड्या पॅडला दोन्हीकडून दाबतात. मऊ आणि जाड पॅड अशा वेळी मधोमध गोळा होते. मांडीच्या सांध्याशी आधीच जागा कमी, त्यात पॅडची रुंदी आक्रसते आणि स्राव कडेने निसटतो. सायकल चालवणाऱ्या मुलींना हा अनुभव अधिक येतो.

दुसरे ठिकाण मागची बाजू. रात्री उताणे झोपल्यावर स्राव खाली न जाता नितंबांमधील खाचेतून मागे वाहतो. दिवसाचे पॅड साधारण २३० ते २४० मिलिमीटर लांब असते. ते तिथपर्यंत पोहोचतच नाही. रात्रीची पॅड २८० किंवा ३२० मिलिमीटरची आणि मागे पंख्यासारखी रुंद असतात, ती याच कारणासाठी.

तिसरे कारण उठण्याचे. पुष्कळ वेळ बसून राहिले की स्राव योनिमार्गात साचतो आणि उभे राहताच एकदम बाहेर येतो. वर्गात सलग तीन तास बसलेल्या मुलीला किंवा दिवसभर खुर्चीवर काम करणाऱ्या बाईला हे चांगले ठाऊक असते. अशा वेळी पॅडमध्ये एकूण किती मावते याला महत्त्व नसते. त्या दोन-चार क्षणांत वरचा थर किती घेऊ शकतो याला असते. शक्य असेल तेव्हा दर तासाला एकदा उठून चार पावले चालले तर हे साचणे कमी होते.

सपाट वस्तू आणि वळणदार शरीर

मूळ अडचण समजण्यासाठी एक साधा प्रयोग करावा. वहीचा एक कागद लांबीत पन्हाळीसारखा वाकवा. आता त्याची पुढची व मागची टोके वर उचलून नावेचा आकार देण्याचा प्रयत्न करा. कागदाला सुरकुत्या पडतात. सपाट वस्तू एकाच वेळी दोन दिशांना वाकत नाही. स्त्रीच्या शरीराची ती जागा मात्र नेमकी अशीच दोन्ही दिशांनी वळलेली असते. पॅडला सुरकुती पडली की तिथे शरीर आणि पॅड यांच्यामध्ये फट राहते, आणि स्राव त्या फटीतून वाट काढतो.

रचनाकारांनी यावर काही उपाय शोधले आहेत. पॅड मध्ये अरुंद व टोकांना रुंद, म्हणजे डमरूसारखे केले. वरच्या बाजूस दाबून खोल रेषा पाडल्या. पुष्कळांना ती नुसती नक्षी वाटते. परंतु पॅडने कुठे दुमडावे हे त्या रेषा ठरवतात आणि स्रावाला लांबीच्या दिशेने नेतात. मधला भाग किंचित उंच केला म्हणजे तो शरीराला लागून बसतो. कडांना उभी पट्टी किंवा लवचिक दोरा दिला म्हणजे बांधासारखा अडथळा तयार होतो. बाजूच्या पंखांमुळे, ज्यांना आपण विंग्ज म्हणतो, पॅड सरकत नाही आणि निकरची कडही झाकली जाते.

येथे एक गोष्ट अगत्याने सांगितली पाहिजे. पॅड शरीराला नव्हे, निकरला चिकटते. निकर सैल झालेली, इलॅस्टिक गेलेली असेल, तर महागातले महाग पॅडही खाली लोंबते व फिरते. मुलीला पॅड घेऊन देताना दोन नीट मापाच्या सुती निकर घेऊन देणे हाही त्याच खर्चाचा भाग समजावा.

पट्ट्यापासून चिकटपट्टीपर्यंत

पॅड जागेवर कसे ठेवावे हा प्रश्न जुना आहे. पहिल्या महायुद्धात जखमांसाठी वापरलेल्या लाकडाच्या लगद्याच्या मलमपट्टीवरून १९२० साली अमेरिकेत कोटेक्स हे पॅड विक्रीस आले; परंतु ते बांधण्यासाठी कमरेला पट्टा व पिना लागत. आपल्याकडेही कमरेला नाडी बांधून त्यात कापडाची घडी अडकवण्याची रीत होती.

या पट्ट्यात सुधारणा करणारी एक स्त्री आपल्या वाचकांना माहीत असावी. तिचे नाव मेरी बिअॅट्रिस डेव्हिडसन केनर. ही कृष्णवर्णीय अमेरिकन स्त्री १९१२ साली जन्मली. मागेपुढे करता येणारा पट्टा आणि त्याला ओल न झिरपणारा कप्पा अशी रचना तिने केली व १९५६ साली तिला त्याचे पेटंट मिळाले. एका कंपनीने उत्सुकता दाखवली. मात्र संशोधक कृष्णवर्णीय आहे हे कळताच कंपनीने माघार घेतली. पुढे १९७० च्या सुमारास चिकटपट्टीची पॅड आली आणि पट्टे मागे पडले. केनर यांच्या नावावर एकूण पाच पेटंटे झाली. डागाचा प्रश्न जिने स्वतः सोसला तिनेच त्यावर विचार केला, आणि तिची कल्पना गुणांवर नव्हे तर जन्मावर नाकारली गेली, हे आपल्या विद्यार्थिनींनी विसरू नये.

तपासणी कशी होते?

भारतीय मानक ब्युरोचे सॅनिटरी नॅपकिनसाठी मानक आहे. त्याची १९८० ची आवृत्ती पुष्कळ वर्षे लागू होती; २०१९ साली ते सुधारले गेले. जुन्या मानकात पॅडच्या मध्यभागी ठरावीक वेगाने ३० मिलिलिटर द्रव सोडून, नंतर त्यावर एक किलोचे वजन एक मिनिट ठेवून तळाला किंवा कडेला ओल येते का हे पाहत असत. चाचणी उपयुक्त खरी, पण टेबलावरचे पॅड सपाट असते. टेबल चालत नाही, कूस बदलत नाही.

कोइमतूरचे अरुणाचलम मुरुगनाथम यांनी ही उणीव ओळखली होती. त्यांनी प्रथम नुसत्या कापसाची पॅड केली, ती टिकली नाहीत. त्यांनी बकऱ्याच्या रक्ताची पिशवी अंगाला बांधून, पॅड स्वतः वापरून, चालून व सायकल चालवून पाहिले. लोकांनी त्यांची हेटाळणी केली. पुढे त्यांना उमगले की कंपन्यांच्या पॅडमध्ये साधा कापूस नसून लाकडाचा लगदा असतो. त्यातून त्यांनी कमी किमतीचे यंत्र बनवले. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

कापड वापरणाऱ्या भगिनींसाठी

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते २४ वयोगटातील सुमारे ६४ टक्के स्त्रिया सॅनिटरी नॅपकिन वापरतात आणि सुमारे ५० टक्के कापड वापरतात. काही जणी दोन्ही वापरतात. तेव्हा कापडाला नावे ठेवून भागणार नाही. कापड स्राव चांगला शोषते, परंतु तो सर्व दिशांना पसरू देते आणि दाबले की परत देते.

ज्या बचत गटांना कापडी पॅड शिवायची आहेत त्यांनी पुढील गोष्टी पाहाव्यात. वर मऊ सुती कापड, मध्ये फ्लॅनेल किंवा टॉवेलच्या कापडाचे थर, खाली ओल न झिरपणारे कापड, आणि पंखांना टिचबटण. मधले थर कडेपेक्षा अरुंद ठेवावेत, म्हणजे ओल कडेपर्यंत जाणार नाही. तळाच्या कापडातून मधोमध शिवण घालू नये, कारण सुईच्या छिद्रांतून व दोऱ्यावाटे ओल बाहेर येते. वापरलेले पॅड थंड पाण्यात धुऊन साबण लावावा आणि उन्हात वाळवावे. आडोशाला, ओलसर जागी वाळवलेले कापड आरोग्याला घातक ठरू शकते. अशा पुन्हा वापरण्याच्या पॅडसाठीही २०२१ पासून स्वतंत्र मानक आहे.

निवड आणि वापर

पाकिटावर "एक्स्ट्रा लार्ज" लिहिले आहे एवढ्यावर जाऊ नये. मिलिमीटरमधील लांबी पाहावी. दिवसाला आणि रात्रीला वेगळी लांबी घ्यावी. डाग बाजूला पडत असेल तर पंखांचे पॅड, मागे पडत असेल तर लांब पॅड, असा विचार करावा. नुसते जाड पॅड घेतल्याने प्रश्न सुटत नाही. पॅड भरले नसले तरी चार ते सहा तासांनी बदलावे. वापरलेले पॅड कागदात गुंडाळून वेगळे द्यावे. ते उचलणाऱ्या सफाई कामगार भगिनींचा हात उघडाच असतो.

चांगले पॅड वापरूनही दर एक-दोन तासांनी बदलावे लागत असेल, मोठ्या गाठी पडत असतील किंवा पाळी सात दिवसांहून अधिक चालत असेल, तर तो पॅडचा दोष नव्हे. तेव्हा डॉक्टरांना दाखवावे. वर सांगितलेल्या पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले आहे. अशा स्थितीत "बायकांना असे व्हायचेच" म्हणून गप्प बसणे धोक्याचे आहे.

पॅडवरचा १२ टक्के जीएसटी जुलै २०१८ मध्ये रद्द झाला. जनऔषधी केंद्रांत ऑगस्ट २०१९ पासून एक रुपयाला एक पॅड मिळू लागले. तरीही फुकट किंवा स्वस्त पॅड वाटताना सर्वांना एकच माप दिले जाते. बारा वर्षांच्या मुलीचे आणि तिच्या आईचे माप एक कसे असेल?

म्हणून सभासदांना आमची विनंती आहे की, मुलींच्या वसतिगृहात किंवा अभ्यासिकेत पॅड ठेवायची झाली तर किमान दोन लांबीची ठेवावीत, आणि शेजारी एक वही ठेवावी. डाग बाजूला पडतो की मागे, दिवसा की रात्री, एवढेच नाव न घालता मुलींनी त्यात लिहावे. पुढच्या वेळी खरेदी करणाऱ्याने ती वही वाचूनच दुकानात जावे.