डॉक्टर बीअर्सची यादी

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातल्या डॉ. रुस्तुम जाल वकिलांचं नाव आपल्याकडे अभिमानाने घेतलं जातं, आणि ते घ्यायलाच हवं. सर्पगंधेच्या मुळीने रक्तदाब उतरतो हे त्यांनी रुग्णांवर पडताळून दाखवलं. १९४९ साली त्यांचा निबंध ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये आला आणि पुढच्या तीन वर्षांत बाझलच्या सीबा कंपनीतल्या संशोधकांनी त्याच मुळीतून रेसरपिन वेगळं काढलं. १९५७ मध्ये वकिलांना लास्कर पारितोषिक मिळालं. हे सगळं वाचकांच्या कानावरून गेलेलं असेल. मला मात्र रेसरपिन पुन्हा भेटलं ते एका वेगळ्याच कागदावर. १९९१ साली अमेरिकेत छापलेल्या एका यादीत, वृद्धांच्या शुश्रूषागृहांमध्ये जी औषधं देऊ नयेत त्यांच्या रांगेत. म्हाताऱ्या माणसाला या औषधाने उदासी घेरते, उभं राहताना रक्तदाब एकदम घसरून चक्कर येते, असं कारण होतं. तेव्हापासून ती यादी आणि ती करणारा माणूस माझ्या डोक्यातून गेलेले नाहीत.

त्या माणसाचं नाव डॉ. मार्क बीअर्स. वृद्धांच्या औषधोपचारांचं शिक्षण घेतलेले जगभरचे डॉक्टर ‘बीअर्स क्रायटेरिया’ हा शब्द रोज वापरतात, पण बीअर्स कोण होता हे त्यांतल्या फारच थोड्यांना सांगता येईल. तो स्वतः मधुमेही होता आणि त्याच आजाराच्या गुंतागुंतीतून २००९ साली, वयाच्या ५४ व्या वर्षी गेला. म्हाताऱ्यांच्या गोळ्यांवर आयुष्य घालवणाऱ्या या माणसाला म्हातारपण काही लाभलं नाही.

यादीचं मूळ मात्र १९९१ च्या आधीचं आहे, आणि मला ते यादीहून महत्त्वाचं वाटतं. बीअर्स तेव्हा बोस्टनमध्ये जेरी अॅव्हॉर्न यांच्या गटात काम करत होता. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या बारा शुश्रूषागृहांत राहणाऱ्या ८५० वृद्धांना नेमकं काय काय दिलं जातं, याची या गटाने नोंद घेतली. १९८८ साली ‘जामा’ या नियतकालिकात निष्कर्ष आले. निम्म्याहून अधिक वृद्ध मेंदूवर काम करणारं कुठलं ना कुठलं औषध घेत होते. २६ टक्के लोकांना मनोविकारावरची तीव्र औषधं चालू होती. झोपेची किंवा गुंगीची गोळी २८ टक्क्यांना, आणि तीही बहुतेकांना लागेल तेव्हा नव्हे, रोजच्या रोज ठरल्या वेळी. म्हणजे झोप येते की नाही हे कुणी विचारत नव्हतं. रात्रीचे नऊ वाजले की गोळी, एवढाच नियम.

त्या झोपेच्या औषधांमध्ये सर्रास आढळलेलं एक औषध होतं डायफेनहायड्रामिन. वाचकांनी हे नाव ऐकलं नसेल, पण औषध घरात ठेवलेलं असतं. बेनाड्रिल कफ सिरपच्या बाटलीच्या मागे बारीक अक्षरात ते छापलेलं असायचं. खोकला झाला की चमचाभर घ्यायचं, छान झोप लागते, असं आपण म्हणत आलो. चाळिशीतल्या माणसाचं त्याने फारसं बिघडत नाही. ऐंशीच्या घरातल्या मेंदूत आणि मूत्राशयात अॅसिटिलकोलीन या रसायनाचा साठा आधीच आटत आलेला असतो आणि हे औषध उरल्यासुरल्या रसायनाचंही काम अडवतं. तोंड कोरडं पडतं, पोट साफ होत नाही, पुरुषांची लघवी तुंबते. संध्याकाळनंतर माणूस बडबडायला लागतो, समोर नसलेली माणसं त्याला दिसतात, घरच्यांना तो ओळखत नाही.

आणि मग काय होतं? ‘आजोबांच्या डोक्यावर परिणाम झाला’ असं म्हणून मनोविकाराची गोळी सुरू होते. त्या गोळीने अंग ताठतं, हात कापायला लागतात. कंपवात समजून कंपवाताची गोळी येते. ती पहिल्या सिरपच्याच जातीची निघाली, तर भ्रम दुप्पट. या साखळीला वैद्यकशास्त्रात नाव मिळालं ते नव्वदच्या दशकात, आणि तिचा एक ठसठशीत पुरावा अॅव्हॉर्न यांच्याच गटाने १९९५ साली दिला. मळमळीवर सर्रास दिलं जाणारं मेटोक्लोप्रामाइड, म्हणजे आपल्याकडचं पेरिनॉर्म, चालू असलेल्या वृद्धांना कंपवाताचं औषध सुरू होण्याची शक्यता तिपटीने जास्त आढळली. त्यांतल्या कितीतरी जणांना कंपवात झालेलाच नव्हता. त्यांना बाधली होती ती मळमळीची गोळी.

बीअर्सपुढची अडचण अशी की, कुठलं औषध वृद्धांना बाधतं हे सांगायला पुरावा हवा आणि पुरावा मिळायला चाचण्या हव्यात. चाचण्यांतून तर म्हातारी, चार आजार असलेली माणसं वगळलेलीच असायची. म्हणून त्याने दुसरी वाट धरली. वृद्धांचं वैद्यक आणि औषधशास्त्र जाणणारे तेरा तज्ज्ञ निवडून त्याने त्यांना प्रश्नावली पाठवली. उत्तरं एकत्र करून ती पुन्हा त्यांच्याकडे फिरवली आणि ज्यावर एकमत झालं तेवढंच ठेवलं. तीस विधानं उरली. एकोणीस औषधं किंवा औषधांचे गट टाळावेत आणि अकरा औषधं ठरावीक मात्रेच्या किंवा मुदतीच्या पुढे देऊ नयेत. सप्टेंबर १९९१ मध्ये ही यादी ‘आर्काइव्ह्ज ऑफ इंटर्नल मेडिसिन’मध्ये आली.

ती यादी मराठी घरातला माणूस म्हणून वाचावी. डायझेपाम, म्हणजे आपल्या आईवडिलांच्या पिढीची काम्पोज. अमिट्रिप्टिलीन, जे आजही अंगदुखीसाठी आणि झोपेसाठी लिहून दिलं जातं. पेंटाझोसिन, म्हणजे फोर्टविन. प्रोपॉक्सिफीन, म्हणजे प्रॉक्सिव्हॉन या कॅप्सूलमधलं वेदनाशामक. या शेवटच्या औषधाची तारीखवार हकीकत मी मुद्दाम लिहून ठेवली आहे. बीअर्सच्या यादीत ते १९९१ साली आलं, अमेरिकेच्या बाजारातून २०१० साली गेलं आणि भारतात त्याच्यावर बंदी आली २०१३ साली. म्हाताऱ्यांना ते देऊ नका असं तज्ज्ञांनी एकमताने सांगितल्यानंतर आपल्याकडे बावीस वर्षं ते मेडिकलच्या दुकानात मिळत होतं.

यादी वादात सापडली ती तिच्या यशामुळे. अमेरिकेत १९८७ च्या कायद्याने शुश्रूषागृहातल्या वृद्धांना एक हक्क आधीच दिला होता. शिस्तीसाठी किंवा कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी औषधाने बांधून ठेवलं जाऊ नये, हा. कायद्याची भाषा तीच होती, औषधाचा दोरखंड म्हणून वापर. १९९९ साली सरकारी तपासनिसांच्या नियमपुस्तिकेत बीअर्सची यादी गेली आणि डॉक्टर चिडले. माझ्या रुग्णाला मी ओळखतो, तपासनिसाने यादी दाखवून मला का जाब विचारावा, असं त्यांचं म्हणणं. त्यात तथ्य होतं. आयर्लंडमधल्या कॉर्कच्या डॉक्टरांनी २००८ साली ‘स्टॉप’ आणि ‘स्टार्ट’ अशा दोन नव्या याद्या काढल्या. काय बंद करावं याबरोबरच, वृद्ध आहे म्हणून काय द्यायचं राहून गेलं, हेही त्यांत होतं.

खरा धक्का २०११ साली बसला. डॅनियल बडनिट्झ आणि सहकाऱ्यांनी औषधांच्या दुष्परिणामांमुळे तातडीने रुग्णालयात भरती झालेल्या अमेरिकी वृद्धांचा हिशेब मांडला. अशा भरतींपैकी दोनतृतीयांश चार प्रकारच्या औषधांमुळे होत्या: रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन, इन्सुलिन, रक्तातल्या प्लेटलेट्सना चिकटू न देणाऱ्या गोळ्या आणि मधुमेहाच्या गोळ्या. ‘वृद्धांना घातक’ म्हणून याद्यांत गाजलेल्या औषधांचा वाटा होता १.२ टक्के. म्हणजे बदनाम औषधांवर नजर ठेवता ठेवता चांगली, गरजेची, पण मोजून मापून द्यायची औषधं निसटली होती. बीअर्स तेव्हा हयात नव्हता. इन्सुलिनचा धोका त्याला शरीरानेच माहीत असणार.

माझं मत असं की या हिशेबाने यादी खोटी ठरत नाही. भ्रमिष्ट होऊन खाटेवर पडून राहिलेली म्हातारी तातडीच्या विभागात येतच नाही, ती खोलीतच राहते आणि मोजलीही जात नाही. पण बडनिट्झने दाखवलेली उणीव खरी होती आणि यादीनेही ती मानली. अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटी आता दर काही वर्षांनी यादी सुधारते. २०२३ च्या आवृत्तीत वॉरफरिन आहे. हृदयविकार कधीच झालेला नसताना, केवळ खबरदारी म्हणून वृद्धांना ॲस्पिरिन नव्याने सुरू करू नये, असंही तिथे लिहिलं आहे. आपल्याकडे साठी उलटली की इकोस्प्रिन सुरू करण्याची जी पद्धत पडली आहे, तिच्याबद्दल डॉक्टरांशी बोलायला हे कारण पुरेसं आहे.

कुठली गोळी हा अर्धा प्रश्न झाला. ती पोटात कशी जाते हा उरलेला, आणि त्यासाठी इंग्लंडकडे बघावं लागतं. निक बार्बर, डेव्हिड ऑल्डरेड आणि सहकाऱ्यांनी ५५ वृद्धनिवासांतल्या २५६ जणांच्या प्रत्येक औषधाचा माग काढला, डॉक्टरांच्या चिठ्ठीपासून ओठापर्यंत. २००९ साली आलेले आकडे असे: प्रत्येक वृद्धाला सरासरी आठ औषधं आणि २५६ पैकी १७८ जणांच्या बाबतीत किमान एक चूक. बहुतेक चुकांनी मोठी इजा झाली नव्हती, हेही त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवलं आहे. पण सर्वांत धोक्याची चूक कुठे होती? देखरेखीत. लघवीची गोळी चालू आहे आणि मूत्रपिंडाची, क्षारांची तपासणी कुणी केलेलीच नाही, अशा जातीची. देखरेख लागणाऱ्या औषधांत अशा चुका १४.७ टक्के होत्या.

याच अभ्यासाच्या पुढच्या भागात एक बारीकशी गोष्ट सापडते. आधीच कप्पे पाडून भरून ठेवलेल्या गोळ्यांच्या तुलनेत इनहेलर देताना चुकीची शक्यता तीस पटींहून अधिक होती. इनहेलर देणं म्हणजे माणसाला बसवायचं, श्वास बाहेर सोडायला लावायचा, दाबायचं आणि ओढायचं एका क्षणी, मग दहा सेकंद थांबवायचं. वीस जणांची फेरी उरकायची असलेल्या मावशीला ते कोण शिकवतं? गोळी गिळता येत नाही म्हणून ती कुटून शिऱ्यात घालणं हाही तसाच प्रकार. ‘एस.आर.’ किंवा ‘एक्स.एल.’ लिहिलेली गोळी दिवसभरात हळूहळू विरघळावी म्हणून बनवलेली असते. ती कुटली की दिवसभराची मात्रा एकदम अंगात जाते. आणि नकळत खाण्यात मिसळून औषध तर इंग्लंडच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार असं सहज देता येत नाही. त्या माणसाला निर्णय घेता येत नाही हे आधी तपासावं लागतं, सगळ्यांनी बसून ठरवावं लागतं, लिहून ठेवावं लागतं.

बार्बर यांच्या गटाचा निष्कर्ष होता की चिठ्ठी लिहिणारे, पुरवणारे, देणारे सगळे आपापलं काम करतात, पण पूर्ण चित्र कुणाच्याच ताब्यात नसतं. म्हणून प्रत्येक निवासाच्या औषधांची जबाबदारी एका फार्मासिस्टकडे असावी. हे करून पाहिलं गेलं. २०२३ साली निकाल आला: फार्मासिस्ट नेमल्याने वृद्ध पडण्याचं प्रमाण लक्षणीय कमी झालं नाही, गुंगी आणणाऱ्या औषधांचा भार मात्र उतरला. मला तेवढंही थोडं वाटत नाही. कमी गुंगीत दिवस काढणं हीच त्या माणसाची मिळकत आहे.

आता आपलं घर. पुण्याच्या आसपास वृद्धनिवासं वाढली आहेत, मुलं परदेशी असलेल्यांची तर विशेष. अशाच एका ठिकाणी माझी काकू राहायची. तिच्या नावाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात रक्तदाबाच्या गोळीच्या दोन पट्ट्या होत्या, एक ‘टेल्मा’ आणि दुसरी ‘टेल्मीकाइंड’. एक रुग्णालयातून घरी सोडताना लिहून दिलेली, दुसरी तिच्या जुन्या डॉक्टरांची. दोन्हींत टेल्मिसार्टनच. तिथल्या रजिस्टरमध्ये दोन्ही नावांपुढे रोज बिनचूक खूण होती, कारण रजिस्टरच्या हिशेबाने त्या दोन वेगळ्या गोळ्या होत्या. न्हाणीघरातून येताना तिला चक्कर आली तेव्हा ते उघडकीला आलं. तिथल्या मावशींनी सांगितलेलं काम चोख केलं होतं. एकाच औषधाला शेकडो नावं असलेल्या आपल्या देशात ही चूक परदेशी अभ्यासांत सापडते त्याहून जास्त वेळा होत असणार, असं मला वाटतं.

तुमचं कुणी अशा ठिकाणी राहत असेल तर पुढच्या भेटीत सगळ्या पट्ट्या उलट्या करा आणि मागचं बारीक अक्षरातलं मूळ नाव वहीत उतरवून घ्या. ती वही एकाच डॉक्टरांपुढे ठेवा आणि प्रत्येक ओळीला विचारा, हे कशासाठी आणि कधीपर्यंत. स्वतःच्या मनाने काहीही बंद करू नका. झोपेची, फिटची, मनोविकाराची गोळी एकदम थांबवणं जिवावर बेतू शकतं. आणि सरकारकडे मागायचं ते एवढंच: प्रत्येक वृद्धनिवासासाठी नावानिशी एक फार्मासिस्ट आणि दर काही महिन्यांनी औषधांची लेखी फेरतपासणी. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्याचं कलम १९ (२) वृद्धाश्रमांच्या व्यवस्थापनाची योजना आणि सेवांचे निकष ठरवण्याचा अधिकार राज्याला देतं, आणि त्यात वैद्यकीय सेवा व करमणुकीची साधनं एकाच दमात येतात. नवा कायदा करावा लागत नाही.