वरवरची गाठ, पण काम वरवरचं नाही: ‘स्मॉल पार्ट्स’ सोनोग्राफी डॉक्टर शिकतात कशी?

एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नसेल, तर निवांत वाचा. ऐकला असेल, तरी वाचा; बोलताना सुटलेले दोन-तीन मुद्दे इथे घातलेत.

सोनोग्राफी म्हटलं की काय आठवतं? पोटावर लावलेलं गार जेल, आणि भिंतीवरचा ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ हा बोर्ड. पण आज पोट नाही. आज बोलायचंय कातडीच्या अगदी खाली असलेल्या भागांबद्दल: गळ्यातली थायरॉइड, मानेतल्या गाठी, स्तन, अंडकोष, खांद्याचे स्नायू-स्नायुबंध, मनगटातल्या नसा. डॉक्टर मंडळी याला ‘स्मॉल पार्ट्स’ म्हणतात.

आधी मशीन समजून घेऊ. सोनोग्राफीत प्रोबमधून आवाजाच्या लहरी आत जातात, आदळून परत येतात आणि त्यातून चित्र बनतं. पोटासाठी साधारण २ ते ५ मेगाहर्ट्झचा, पुढून गोलाकार प्रोब वापरतात. त्याची लहर खोल जाते, पण बारीक गोष्टी धूसर दिसतात. स्मॉल पार्ट्ससाठी सरळ, चपटा ‘लिनियर’ प्रोब लागतो, ७ ते १५ मेगाहर्ट्झ किंवा त्याहून जास्त. शरीराच्या मऊ भागात आवाज सेकंदाला सुमारे १५४० मीटर जातो. म्हणजे १२ मेगाहर्ट्झला एका लहरीची लांबी जेमतेम ०.१३ मिलिमीटर! म्हणून चित्र बारीक. पण ही लहर थोड्याच सेंटिमीटरमध्ये दमते. खोल बघायचं की बारीक, दोन्ही एकदम मिळत नाही.

मग वाटतं, अवयव वरच आहे, चित्र स्पष्ट आहे, यात शिकण्यासारखं काय? इथेच गंमत आहे.

खांद्याचा स्नायुबंध घ्या. प्रोब त्याच्यावर अगदी सरळ धरला तर तो पांढरा, रेघारेघांचा दिसतो. हात थोडासा तिरका झाला की तोच धडधाकट स्नायुबंध काळा दिसतो, जणू फाटलाय. पेशंटला काही झालेलं नसतं, चुकलेला असतो तो हात. प्रोब जरा जास्त दाबला तर शीर चपटी होऊन गायबच होते. म्हणून नवख्या रेसिडेंटला या सवयी लावाव्या लागतात: जेल भरपूर, दाब हलका, प्रत्येक गोष्ट उभी आणि आडवी अशी दोन्हीकडून बघायची, आणि दुखऱ्या बाजूची तुलना चांगल्या बाजूशी करायची.

आता नागपूरकडे या. आपल्याकडे खर्रा किती चालतो, ते वेगळं सांगायला नको. तोंडाच्या कॅन्सरमध्ये मोठा प्रश्न असतो: तो मानेतल्या गाठींपर्यंत पोचलाय का? निरोगी गाठ घेवड्याच्या दाण्यासारखी लांबट असते आणि तिच्या मधोमध चरबीचा पांढरा पट्टा असतो. तो पट्टा गेला, गाठ गोल झाली की डॉक्टर सावध होतात. अनेक गाठी एकमेकींना चिकटल्या असतील तर टीबीचाही विचार करावा लागतो. पण नुसत्या चित्रावर निकाल लागत नाही. सोनोग्राफीत बघत बघत सुई नेमक्या जागी घालून नमुना घेतात. ती सुई स्क्रीनवर सतत दिसत ठेवणं, हे पुस्तकातून येत नाही.

थायरॉइडच्या गाठींसाठी २०१७ पासून ‘टाय-रॅड्स’ ही अमेरिकन गुणपद्धत आहे. गाठ भरीव की पाण्याची, किती काळसर, आडवी की उभी, कडा कशा, आत पांढरे ठिपके आहेत का, या पाच गोष्टींना गुण देतात. सगळ्यात संशयी गटातली गाठही साधारण १ सेंटिमीटर झाल्यावरच टोचायची. म्हणजे चांगलं प्रशिक्षण नको असलेली सुईसुद्धा वाचवतं.

मग हे शिकायचं कुठे? एमबीबीएसनंतर नीट-पीजी, आणि मग एमडी रेडिओडायग्नोसिस, तीन वर्षं. नागपुरात आपण ज्याला नुसतं ‘मेडिकल’ म्हणतो, त्या १९४७ सालच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी रेसिडेंटला विदर्भच नाही, तर मध्य प्रदेश-छत्तीसगडचेही पेशंट बघायला मिळतात. मिहानमधल्या एम्सच्या पीजीसाठी वेगळी परीक्षा, आयएनआय-सीईटी. शिवाय पीजीच्या काळात तीन महिने जिल्हा पातळीवरच्या रुग्णालयात काम करावं लागतं.

आणि तो सहा महिन्यांचा कोर्स? गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखाली २०१४ मध्ये नियम आले. त्यानुसार एमबीबीएस डॉक्टरांसाठी ३०० तासांचं प्रशिक्षण आहे. पण त्याचं नाव नीट वाचा: ‘पोट आणि ओटीपोटाच्या सोनोग्राफीची मूलतत्त्वं, पहिली पातळी’. कोर्स पोटापुरता आहे, अक्षरशः! गळा, स्तन, खांदा ही वेगळी विद्या, तिचे तास वेगळे द्यावे लागतात.

याचा तुमच्याशी संबंध काय? मुलांनो, हे खास तुमच्यासाठी. अंडकोषात अचानक जोरात दुखायला लागलं, तर तो पिळला गेलेला असू शकतो. किशोरवयात हे जास्त होतं. रक्तपुरवठा परत सुरू करायला हातात सुमारे सहा तास असतात. डॉपलर सोनोग्राफीत रक्त वाहतंय का ते कळतं, पण पीळ अर्धवट असेल तर रक्त वाहताना दिसूही शकतं. म्हणून लक्षणं स्पष्ट असतील तर सर्जन रिपोर्टसाठी थांबत नाहीत. लाजून सकाळची वाट बघू नका. थेट इमर्जन्सी गाठा.

मुलींनो, स्तनात गाठ लागली आणि वय तिशीच्या आत असेल, तर बहुतेक वेळा पहिली तपासणी सोनोग्राफीच असते. किरणोत्सर्ग नाही, दुखत नाही. तपासताना सोबत महिला अटेंडंट असावी, असं सांगायला संकोच करू नका.

आणि सगळ्यांनीच, सेंटरमध्ये गेल्यावर तीन गोष्टी विचारा: तपासणी रेडिओलॉजिस्ट स्वतः करणार का? लिनियर प्रोब आहे ना? आणि जुना रिपोर्ट सोबत दाखवू का? यात उद्धटपणा काही नाही. चांगल्या डॉक्टरला असा पेशंट आवडतोच.

मशीन फक्त आवाज पाठवतं आणि परत घेतं. बघतो तो शिकलेला हात. त्या हाताला तीन वर्षं लागतात, हे लक्षात असू द्या.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर काळजी घ्या, आणि खर्रा सोडा बरं का!