शत्रू नसलेल्या गोष्टी (ॲनिमेच्या गावा : लेखांक ९)

गेल्या दोन लेखांकांत आपण मारामारीच्या मालिकांचं गणित पाहिलं. नायक मार खातो, घाम गाळतो, पुन्हा उभा राहतो आणि पंधरा-वीस भागांनी एकदाचा जिंकतो. हे गणित मला आवडतं, त्यात वाद नाही. पण तुमची स्वतःची सगळ्यात लाडकी मालिका कुठली, असं कुणी विचारलं तर मी जिचं नाव घेतो तिच्यात हे गणितच नाही. तिच्यात स्पर्धा नाही, प्रेमप्रकरण नाही आणि खलनायक तर औषधालाही सापडत नाही. मालिकेचं नाव 'मुशिशी'.

आधी कुंडली मांडून टाकतो. मूळ चित्रकथा युकी उरुशिबारा या लेखिकेची. कोदान्शा प्रकाशनाच्या 'आफ्टरनून' घराण्यातल्या मासिकांतून ती १९९९ ते २००८ या काळात आली आणि तिचे १० खंड झाले. ऑक्टोबर २००५मध्ये आर्टलँड या स्टुडिओने तिची २६ भागांची मालिका केली. दिग्दर्शक हिरोशी नागाहामा, पात्ररेखाटन योशिहिको उमाकोशी यांचं, संगीत तोशिओ मासुदा यांचं. पुढे २०१४मध्ये दुसरं पर्व आलं, तेही नागाहामांच्याच हातून. मधे इतकी वर्षं जाऊनही शिवण कुठे दिसत नाही.

काळ मुद्दाम धूसर ठेवलाय. एदो राजवट सरली, मेइजी काळ अजून उजाडला नाही, या दोहोंमध्ये आणखी एखादं युग असतं तर जपान कसा असता, अशी ही कल्पना. डोंगराच्या कुशीतली खेडी, भातखाचरं, गवताने शाकारलेली छपरं, किमोनोतली माणसं. त्यांच्यात एकटा आपला नायक गिंको तेवढा शर्ट-पँट आणि कोट घालून फिरतो. केस पांढरेशुभ्र, डोळा एकच आणि तोही हिरवा, पाठीवर खणाखणांची लाकडी पेटी, तोंडात सदान्‌कदा विडी. ती विडी काही शौकापोटी नाही. मुशी त्याच्याकडे आपोआप ओढल्या जातात, धुराने त्या लांब राहतात. एका गावात तो फार दिवस टिकू शकत नाही तो यामुळेच. राहिला, तर गाव मुशींनी भरून जाईल.

आता मुशी म्हणजे काय? (कोकणातल्या वाचकांनी ताटातली मुशी घटकाभर विसरावी.) पहिल्याच भागात गिंको एका मुलाला हे हातावर समजावून देतो. चार बोटं म्हणजे प्राणी, अंगठा म्हणजे वनस्पती. माणूस मधल्या बोटाच्या टोकावर, म्हणजे हृदयापासून सगळ्यात लांब. तिथून तळहाताकडे खाली येऊ लागलं की जीव साधे होत जातात. मनगटापाशी बुरशी आणि सूक्ष्मजंतू. त्याच्याही पलीकडे दंड, खांदा असं करत हृदयाजवळ पोचलं की प्राणी आणि वनस्पती हा भेदच उरत नाही. तिथे जे असतं त्या मुशी. सगळ्यांना त्या दिसत नाहीत. ज्यांना दिसतात आणि ज्यांना त्यांची जाण असते, ते मुशिशी.

त्यामुळे ही भुताची मालिका नव्हे. आपल्याकडे मुंजा असो की हडळ, प्रत्येकामागे एक कहाणी असते. कुणाची सोडमुंज राहिली, कुणी बाळंतपणात गेली. काहीतरी अपुरं राहिलेलं असतं, म्हणून मग नारळ, कोंबडं, उतारा. जपानी भुतंही अशीच मनात डूख धरून असतात. मुशीच्या मनात काहीच नसतं. ती फक्त जगत असते, आणि तिच्या जगण्याच्या वाटेत कधी माणसाचा कान येतो, कधी डोळा, कधी गर्भ. मांत्रिक निरुपयोगी ठरतो, कारण मागणं काय हे विचारायला समोर कुणी नसतंच.

तिसरा भाग घ्या. बर्फाळ डोंगरातलं गाव. ताजा बर्फ आवाज शोषून घेतो हे आपण फार तर वाचलेलं असतं, इथे ते ऐकायला मिळतं: पडद्यावरचा आवाज हळूहळू विरत जातो आणि काही क्षण खरोखर काहीच उरत नाही. गावातल्या लोकांना एका कानाने ऐकू येईनासं झालंय. गिंको कानात डोकावतो, तर आत गोगलगायीसारखी वेटोळी मुशी, नाव 'उन', जी आवाज खाते. कोमट मिठाचं पाणी ओतलं की ती विरघळून वाहून जाते. इतकं सोपं. पण गावच्या प्रमुख बाईंच्या घरात माहो नावाचा नातू आहे. त्याच्या कपाळाला शिंगं फुटलीत आणि त्याचं दुखणं नेमकं उलटं, त्याला नको तितके आवाज ऐकू येतात. त्याच्या कानात 'आ' आहे, जी शांतता खाते. त्याची आई याच दुखण्याने गेली. मिठाचं पाणी इथे चालत नाही.

उतारा सापडतो तो आईच्या आठवणीत. दोन्ही कान तळहातांनी घट्ट दाबले की आत खोलवर एक घरघर ऐकू येते, लाव्हा वाहत असल्यासारखी. वाचता वाचता करून पाहा, ऐकू येईल. तो आपल्याच स्नायूंचा आवाज असतो. बाहेरची शांतता खाणाऱ्या जिवाला माणसाच्या अंगातला हा आवाज सोसवत नाही. मुलगा कान दाबून बसतो आणि आईच्या हाताशी पुन्हा त्याची गाठ पडते. संवाद मोजके, पार्श्वसंगीत जवळजवळ नाही. दुसरा एखादा दिग्दर्शक इथे व्हायोलिनं लावून मोकळा झाला असता. नागाहामांनी तो मोह टाळला, कारण आवाज हेच जिथे कथेचं पात्र आहे तिथे वरून आणखी संगीत ओतलं तर कथाच बुडेल. संगीताची सगळी पुंजी ते शेवटासाठी राखून ठेवतात. प्रत्येक भागाची समाप्तीची धून वेगळी आहे. मालिकांमध्ये असं क्वचितच कुणी करतं, कारण भागागणिक नवी धून बांधणं ही मेहनत आणि खर्च दोन्ही वाढवणारी गोष्ट. इथे मात्र ती धून त्या भागाचाच शेवटचा प्रसंग वाटते, म्हणून नामावली पुढे ढकलू नका.

सगळेच भाग असे सुखाने मिटत नाहीत. नवव्या भागातलं गाव दुष्काळातही भरघोस पिकतं, कारण तिथे एक विशिष्ट बी पेरलं जातं. मात्र त्या वर्षी गावातल्या कुणातरी एकाच्या तोंडात जास्तीचा दात उगवतो आणि सुगी झाली की तो माणूस मरतो. एका जिवाच्या बदल्यात गाव जगतं. गावच्या पुजाऱ्याने हे बी पूर्वी एकदा वापरलं, तेव्हा त्याची बायको गेली. यंदा तो स्वतः मरायला तयार आहे. गिंको त्याला ओरडत नाही, की उपदेशही करत नाही. हिशेब मात्र स्पष्ट मांडतो.

आणि एकविसावा भाग. तो मी दर वेळी पाहतो आणि दर वेळी अस्वस्थ होतो. एका बाईच्या पोटात शिरलेली मुशी मूळ गर्भ खाऊन टाकते आणि पुढे मुलांच्या रूपात एकेक करून घरात येत राहते. दिसायला मूल, हाक मारली की ओ देणारं. आईबाप त्यांना माया लावून बसलेत. गिंकोला ठाऊक आहे की ही मुलं नव्हेत आणि वेळ आली की आणखी घरं धरतील. शेवटी त्यातलं एक बोलू लागतं आणि विचारतं की आम्हाला का मारता. गिंकोचं उत्तर थोडक्यात असं: तुमची चूक नाही, आमचीही नाही, पण आम्हाला जगायचंय आणि आमच्या हातात जोर जास्त आहे. यात धर्म नाही, न्याय नाही. वैद्याने इतकं उघडं बोलावं, हे मी दुसऱ्या कुठल्या मालिकेत पाहिलेलं नाही. खलनायक नसला की गोष्ट मवाळ होते, असा एक समज आहे. तो समज मोडायला हा एक भाग पुरे.

गिंकोच्या धंद्यातले सगळे त्याच्यासारखे नाहीत. बरेचसे दिसली मुशी की मारणारे. विसाव्या भागातली तान्यू अशांकडून त्यांचे किस्से ऐकते आणि लिहून काढते. तिच्या पायात एक भयंकर मुशी कोंडलेली आहे आणि या लिखाणानेच ती थोडी थोडी कागदात उतरते. ऐकावं लागतं मात्र फक्त मारल्याचंच, आणि तिला त्याचाच वीट आलाय. एका दृश्यात ग्रंथालयातली अक्षरं गुंडाळ्यांतून सुटून भिंतींवर चढतात. ही बाई लांब काड्यांनी एकेक अक्षर चिमटीत पकडून पुन्हा कागदावर बसवते. कंटाळवाणं, नेटाचं काम, आणि बघताना नजर हलत नाही.

दोष आहेत. उरुशिबारांची माणसं एकमेकांची भावंडं वाटावीत इतकी सारखी दिसतात, विशेषतः बायका. काही भागांत निवेदन जरा जास्तच समजावतं. कात्सुहिरो ओतोमो यांनी, म्हणजे १९८८च्या 'अकिरा'वाल्यांनी, २००६मध्ये यावर जिवंत नटांचा चित्रपट केला आणि गिंकोच्या भूमिकेत जो ओदागिरीला घेतलं. मला तो जमलेला वाटत नाही. तीन-चार सुट्या गोष्टी त्यांनी एका दोऱ्यात ओवल्या आणि गिंकोच्या भूतकाळाला मुख्य कथानक केलं. मालिकेच्या पहिल्या पर्वात तो भूतकाळ बाराव्या भागात एकदाच येतो आणि पुढच्या भागात कुणी त्याचा विषयही काढत नाही. ते सुटेपणच चित्रपटात हरवलं.

भाग एकमेकांवर अवलंबून नाहीत, त्यामुळे कुठूनही सुरू केलं तरी बिघडत नाही. पहिल्याने सुरुवात करा, नाहीतर थेट तिसरा लावा. लहान मुलं सोबत असतील तर सातवा, ज्यात एक माणूस इंद्रधनुष्य पकडायला हंडा घेऊन निघालाय. एकविसावा मुलांसमोर नको. आणि एका बैठकीत चार-पाच भाग उरकू नका. ओळीने पाहिले की सगळी गावं एकच वाटायला लागतात आणि दोष मालिकेच्या माथी बसतो. रात्री एक, इतकंच.

पुढच्या आठवड्यात मागे जाऊ, १९७४ सालात. इसाओ ताकाहातांनी दिग्दर्शित केलेली 'हायडी', आणि तिच्या पडद्यामागे चित्रचौकटी आखत बसलेला हायाओ मियाझाकी.