डोकेदुखीसाठी मर्दन

डोकेदुखीसाठी मर्दन म्हणजे डोके, मान व खांदे यांचे स्नायू हाताने दाबून किंवा चोळून डोकेदुखी कमी करण्याची पद्धत होय. व्यवहारात तिला मालीश, चंपी किंवा डोके चेपणे असे म्हणतात. स्नायूंच्या ताणामुळे उद्भवणाऱ्या डोकेदुखीत मर्दनाने तात्पुरता आराम मिळू शकतो. मात्र गंभीर आजारामुळे डोके दुखत असल्यास मर्दन हा उपाय ठरत नाही.

परंपरा

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात, डोक्याला नित्य तेल लावणाऱ्यास शिरःशूल होत नाही, असे सांगितले आहे. अष्टांगहृदयात डोक्यावर तेल योजण्याचे अभ्यंग, सेक, पिचू व बस्ती असे चार प्रकार वर्णिले आहेत. महाराष्ट्रात तान्ह्या बाळाची टाळू तेलाने भरणे आणि नरकचतुर्दशीला पहाटे तेल लावून अभ्यंगस्नान करणे या रूपांनी ही परंपरा घरोघरी टिकून आहे.

मुंबईत तेलमालीश हा रस्त्यावरचा व्यवसायही झाला. ‘प्यासा’ (१९५७) या चित्रपटात जॉनी वॉकर यांनी तेलमालीशवाल्याची भूमिका केली होती. कपाळाला चोळण्याचा अमृतांजन हा बामही मूळचा मुंबईचा. काशीनाथुनी नागेश्वरराव यांनी १८९३ मध्ये येथे त्याचे उत्पादन सुरू केले. या बामाच्या जाहिरातीमुळे बोरघाटातील ब्रिटिशकालीन पूल ‘अमृतांजन पूल’ म्हणून ओळखला जात असे. तो एप्रिल २०२० मध्ये पाडण्यात आला. इंग्रजीतील ‘शाम्पू’ हा शब्द ‘चांपणे’, म्हणजे दाबणे, या अर्थाच्या हिंदी क्रियापदावरून आला असून प्रारंभी त्याचा अर्थ मर्दन असाच होता.

आराम कसा मिळतो

ताणजन्य डोकेदुखी हा डोकेदुखीचा सर्वांत सामान्य प्रकार होय. त्यात डोक्याभोवती पट्टा आवळल्यासारखे वाटते. तासन्‌तास संगणकापुढे बसणे, लोकलच्या गर्दीत मान वाकवून मोबाइल पाहणे, अपुरी झोप व मानसिक ताण यांमुळे मान, खांदे, कानशिले व जबडा यांचे स्नायू आखडतात. मानेच्या वरच्या भागातील तंत्रिका आणि चेहऱ्याच्या संवेदना वाहणारी तंत्रिका यांचे संदेश मेंदूच्या तळाशी एकाच केंद्रात पोहोचतात. त्यामुळे मानेतील दुखणे कपाळात किंवा डोळ्यामागे जाणवू शकते. म्हणूनच केवळ कपाळ चोळण्यापेक्षा मान व खांद्यांचे मर्दन अनेकदा अधिक गुणकारी ठरते. या विषयावरील बहुतेक अभ्यास लहान असून परिणाम किती काळ टिकतो याबाबतचे पुरावे मर्यादित आहेत.

पद्धत

रुग्णास पाठीला आधार देऊन बसवावे व खांदे सैल सोडण्यास सांगावे. प्रथम दोन्ही खांद्यांचे स्नायू मुठीत धरून हळूहळू मळावेत. नंतर कवटीच्या खालच्या कडेलगत, मणक्याच्या दोन्ही बाजूंस अंगठ्यांनी स्थिर दाब द्यावा. शेवटी कानशिलांवर बोटांनी गोलाकार चोळावे व टाळूची त्वचा हलकेच सरकवावी. दहा-पंधरा मिनिटे पुरेशी असतात. दाब सहन होईल इतकाच असावा. खोबरेल किंवा तिळाचे तेल घर्षण कमी करते. तेलाशिवायही मर्दन करता येते. अर्धशिशीच्या ऐन झटक्यात काहींना स्पर्शही असह्य होतो. अशा वेळी मर्दन करू नये.

धोके

भांडुप, मुलुंड, घाटकोपरसारख्या उपनगरांतील केशकर्तनालयांत केस कापल्यानंतर डोक्याला मालीश करून देण्याची चाल आहे. काही ठिकाणी त्याच ओघात मानेला झटका देऊन ‘कट्‌’ असा आवाज काढला जातो. हा झटका मर्दनाचा भाग नसून त्याने आराम मिळतो हा समज घातक आहे. अशा झटक्याने मेंदूला रक्त पुरवणाऱ्या मानेतील धमनीचे आतील अस्तर फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. ग्राहकाने मालीश सुरू होण्यापूर्वीच त्यास नकार देणे इष्ट होय. मानेच्या पुढच्या व बाजूच्या भागांवर, जेथे नाडी लागते तेथे, जोराने दाबू नये. मानेला इजा, हाडांचा ठिसूळपणा, ताप किंवा त्वचेचा संसर्ग असल्यास मर्दन टाळावे.

वैद्यकीय सल्ला केव्हा घ्यावा

अचानक व असह्य डोके दुखणे, ताप व मान ताठ होणे, हातापायांत अशक्तपणा, बोलताना अडखळणे, शुद्ध हरपणे किंवा डोक्याला मार लागल्यानंतर वाढत जाणारी वेदना यांपैकी काहीही आढळल्यास मालीश करत न बसता तातडीने रुग्णालय गाठावे. पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली डोकेदुखी तपासून घ्यावी. तीत कानशील हात लावताच दुखत असेल, चावताना जबडा दुखत असेल किंवा दृष्टी अंधूक होत असेल, तर तो धमनीचा दाह असू शकतो व उपचारास विलंब झाल्यास दृष्टी जाऊ शकते. महिन्यातून पंधरा किंवा अधिक दिवस साध्या वेदनाशामक गोळ्या घ्याव्या लागत असतील, तर त्या गोळ्याच डोकेदुखीचे कारण झालेल्या असण्याचा संभव असतो.