मोठ्या मोटरीचा वेग कसा आवरतात?

शहरास पाणी पुरविणाऱ्या पंपघरात डोकावण्याचा योग आमच्या विद्यार्थिवाचकांपैकी कित्येकांस आला असेल. तेथील अजस्र मोटर बहुधा एकाच वेगाने फिरत राहते. प्रत्यावर्ती प्रवाहावर चालणाऱ्या मोटरीचा वेग त्या प्रवाहाच्या आवर्तनांवर अवलंबून असतो. आपल्याकडील वीज सेकंदास ५० आवर्तने करते. म्हणून चार ध्रुवांची मोटर मिनिटास सुमारे १,५०० फेरे घेणार. पाणी कमी हवे असल्यास नळावरील झडप अर्धवट मिटावी, हा जुना उपाय. म्हणजे मोटर पाणी रेटीत आहे आणि झडप तेच अडवीत आहे! विजेचे बिल मात्र नगरवासीयांच्या माथी.

त्यापेक्षा मोटरच हळू फिरविली तर? पंपास लागणारी शक्ती वेगाच्या घनाप्रमाणे बदलते. वेग ८० टक्के केला तर पाणी ८० टक्के मिळते. शक्ती मात्र ०·८ चा घन, म्हणजे ०·५१२, जवळजवळ निम्मीच लागते. (पाणी उंच टेकडीवर चढवावयाचे असेल तर इतकी बचत होत नाही, हेही ध्यानात असावे.)

तेव्हा आवर्तने बदलता आली पाहिजेत, व त्यांच्या प्रमाणात दाबही. त्यासाठी आलेल्या विजेचा प्रथम एकदिश प्रवाह करितात. मग सिलिकॉनचे स्विच अतिशय जलद उघडमीट करून त्यापासून हवा तसा प्रत्यावर्ती प्रवाह घडवितात. लहान मोटरीस हे सोपे आहे. पण ६,६०० व्होल्टांच्या मोटरीपुढे १,७०० व्होल्टांचा स्विच काय टिकणार? शिवाय हजारो व्होल्टांचे धक्के एकदम बसू लागले तर मोटरीच्या गुंडाळीवरील रोधक वेष्टण जीर्ण होऊन अखेर ती जळते.

जपानात नाबाए, ताकाहाशी व आकागी या तिघांनी १९८१ साली तीन पायऱ्यांचा परिवर्तक प्रसिद्ध केला. अमेरिकेतील पीटर हॅमंड यांस १९९७ साली पेटंट मिळालेली युक्ती निराळी आहे, आणि आम्हांस ती अधिक मनोवेधक वाटते. ६,६०० व्होल्टांच्या मोटरीच्या प्रत्येक फेजेच्या वाट्यास ३,८१० व्होल्ट येतात. हा भार एकावर न टाकता तो सुमारे ६३५ व्होल्टांच्या सहा लहान खणांत वाटावयाचा. तीन फेजांचे मिळून १८ खण. प्रत्येकास ट्रान्सफॉर्मरची स्वतंत्र गुंडाळी. एकेक खण धन, शून्य किंवा ऋण दाब देतो. सहाही खण पाळीपाळीने पुढेमागे झाले की दाब तेरा पायऱ्यांनी चढतो व उतरतो. पाटीवर अशी बारीक पायऱ्यांची आकृती काढून पाहावी. दुरून ती लाटेसारखीच दिसेल. मोटरीसही ती तशीच भासते, आणि प्रत्येक धक्का एका खणाएवढाच बसतो. ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळ्यांत थोडथोडा कलाभेद ठेविलेला असल्याने मुख्य वाहिनीत शिरणारे विकृत तरंगही बहुतांशी परस्परांस मारून टाकतात.

एखादा खण बिघडला तर? त्यास वळसा घालून प्रवाह पुढे नेण्याची सोय करिता येते. मग मोटर थोड्या कमी जोराने चालते, पण शहराचे पाणी बंद पडत नाही. पुढे सवडीने यंत्र थांबवून तो खण बदलतात. मात्र वीज तोडल्यावरही कपॅसिटरांत प्राणघातक दाब काही काळ साठून राहतो. म्हणून कारागीर तो पुरता ओसरेपर्यंत थांबतो, मापकाने खात्री करून घेतो, आणि मगच खणास हात लावितो.